मोहोर शाबूत, माल खोटा

संगणकाचा कोणताहि मोठा प्रोग्रॅम आज कोणी एकटा बसून सर्वस्वीं नवा लिहीत नाहीं. दुसऱ्यांनीं रचलेले शेंकडों तयार भाग इंटरनेटवरून उतरवून घेऊन तो आपल्या कामांत जोडतो. असा भाग वाटेंत कोणीं बदलला तर नाहीं ना, हें पाहण्याची एक युक्ति आहे. त्या फायलीवर ठराविक गणित करून एक खूण काढतात. 'एसएचए-२५६' या पद्धतींत ती बहुधा ६४ अक्षरांत लिहितात. फायलींतलें एक अक्षर बदललें, तरी सारी खूण पालटते. प्रकाशकाची खूण व आपण काढलेली खूण जुळली, कीं माल घ्यावयाचा.

आतां ही खूण फायलीच्या शेजारींच ठेवलेली असली, तर तेथें शिरलेला चोर दोन्ही बदलूं शकेल, हें उघड आहे. म्हणून प्रकाशक आपल्या गुप्त किल्लीनें सहीहि करतो. खरा घोटाळा याच्याहि पुढचा आहे. आम्हां शाळामास्तरांना प्रश्नपत्रिकांचीं लाखबंद पाकिटें परिचयाचीं. लाख शाबूत असली म्हणजे पाकीट वाटेंत फुटलें नाहीं, एवढेंच कळतें. आंत कागद घालणारा प्रामाणिक होता कीं नाहीं, तें लाखेला काय ठाऊक?

'एक्सझेड' हें फायली दाबून लहान करणारें साधन लिनक्स संगणकांत सर्वत्र असतें. तें सांभाळण्याचा भार बहुतांशीं एकाच गृहस्थावर होता. २०२१ पासून 'जिया टॅन' असें नांव सांगणारें कोणी मदतीस आलें, उपयुक्त कामें करून त्यानें विश्वास संपादला आणि नव्या आवृत्त्या काढण्याचा अधिकारहि मिळविला. फेब्रुवारी व मार्च २०२४ मध्यें निघालेल्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा बसविलेला होता. दुरून संगणकांत प्रवेश देणाऱ्या यंत्रणेची चावी परक्याच्या हातीं पडावी, हा बेत. खूण जुळत होती. सहीहि अस्सल होती, कारण सही करणाराच चोर!

२९ मार्च २०२४ रोजीं अँड्रेस फ्रॉइंड या मायक्रोसॉफ्टमधील अभियंत्यानें हें उघडकीस आणलें, आणि तेंहि खुणा पडताळून नव्हे. प्रवेशास नेहमींपेक्षां सुमारें अर्धा सेकंद अधिक कां लागतो, एवढ्याशा शंकेचा त्यानें पिच्छा पुरविला. तोंवर त्या आवृत्त्या मुख्यतः चांचणीच्या वितरणांतच पोंचल्या होत्या.

चोरदरवाजा जागा करणारा मजकूर केवळ उतरवून घ्यावयाच्या गठ्ठ्यांत होता. सर्वांस वाचतां येणाऱ्या मूळ दफ्तरांत तो नव्हता. म्हणून गठ्ठा सोडून दफ्तरांतूनच माल तयार करावा, असा आग्रह पुढें धरला गेला, आणि तो मला रास्त वाटतो. परंतु चोरदरवाजाचा मुख्य ऐवज चांचणीच्या फायलींत दडविलेला होता. त्या फायली दफ्तरांतहि उघड्या पडल्या होत्या, पण माणसाच्या वाचण्याजोगें त्यांत कांहींच नव्हतें.