भाड्याचे इंजिन : कुणाला स्वस्त, कुणाला महाग?

यंत्र विकत घ्यावे की भाड्याने आणावे, हा प्रश्न कारखानदाराला किंवा गॅरेजवाल्याला नवा नाही. अमेरिकेत मोटार शर्यतींच्या धंद्यातील छोट्या संघमालकांपुढे तो दर हंगामाला उभा राहतो. तेथे गाडी मालकाची असते, पण तिच्या पोटातले इंजिन पुष्कळदा भाड्याचे असते. या व्यवहाराचा खरा खर्च कसा मोजावा, ते आम्ही आज पाहणार आहोत.

'स्टॉक कार' म्हणजे मूळ अर्थाने दुकानात विक्रीला ठेवलेली साधी मोटार. अशा गाड्यांच्या शर्यतींना शिस्त लावण्यासाठी १९४८ साली नासकार ही संस्था निघाली. पुढे १९५३ साली ओहायो राज्यातील टोलेडो शहरात दुसरी संस्था सुरू झाली, ती आज आर्का म्हणून ओळखली जाते. २०१८ साली नासकारने आर्का विकत घेतली. २०२० पासून नासकारच्या पूर्व व पश्चिम विभागीय मालिका आर्काच्या नावाने भरतात. अलीकडच्या वर्षांत पूर्वेत सुमारे आठ आणि पश्चिमेत सुमारे बारा शर्यती होत आल्या आहेत. येथील बरेच संघ म्हणजे घरचाच धंदा : बाप, मुलगा आणि दोन-चार मेकॅनिक.

एकसारखी इंजिने का आली?

पूर्वी ज्याच्या खिशात पैसा, त्याचे इंजिन जोरदार, अशी स्थिती होती. खर्चाला आळा बसावा म्हणून २०१५ साली आर्काच्या शर्यतींत इल्मोर कंपनीचे '३९६' इंजिन आले. ३९६ घनइंच म्हणजे सुमारे साडेसहा लिटर. सर्वांना जवळजवळ सारखी ताकद मिळावी आणि इंजिन वारंवार खोलावे लागू नये, हा हेतू. गावोगावच्या लहान ट्रॅकवर जनरल मोटर्सची सीलबंद 'क्रेट' इंजिने चालतात. त्यांचे खास बोल्ट उघडले तर तपासणीत ते कळून येते. यंत्र एकाच नमुन्याचे झाले की त्याचा भाडे-व्यवहारही सोपा होतो.

हिशोब

भाड्याच्या करारात साधारणपणे दर शर्यतीचे भाडे, किती मैल चालवायचे त्याची मर्यादा आणि नुकसानभरपाईच्या शर्ती असतात. शर्यत संपली की इंजिन मालकाकडे परत जाते. ते खोलून दुरुस्त करण्याचा खर्च भाड्यात धरलेला असतो.

आता एक उदाहरण घेऊ. आकडे केवळ समजण्यासाठी आहेत, बाजारभाव नव्हेत. समजा, इंजिनाची किंमत ४०,००० डॉलर. तीन वर्षांनी ते १६,००० ला विकले, म्हणजे वर्षाला ८,००० ची घट. दर १,५०० मैलांनी ओव्हरहॉलिंगला १२,००० लागतात. सरावासह एका शर्यतीत १५० मैल होतात, म्हणजे ओव्हरहॉलिंगचा वाटा शर्यतीमागे १,२००. भाडे शर्यतीमागे ३,००० धरू.

वर्षाला चारच शर्यती असतील, तर स्वतःच्या इंजिनाचा खर्च १२,८०० आणि भाड्याचा १२,०००. येथे भाडे परवडते. आठ शर्यती असतील, तर स्वतःचे इंजिन १७,६०० मध्ये पडते, भाडे मात्र २४,००० होते. येथे मालकी परवडते असे वाटेल. पण एक इंजिन दुरुस्तीला गेले तर गाडी उभी राहते, म्हणून मालकाला दुसरे इंजिन राखून ठेवावे लागते. त्याचीही ८,००० ची घट धरली की खर्च २५,६०० होतो, आणि भाडे पुन्हा स्वस्त ठरते. शिवाय ८०,००० डॉलर भांडवल अडकते ते वेगळेच. म्हणून नुसती किंमत विचारून भागत नाही. यंत्र वर्षात किती दिवस चालणार आणि राखीव यंत्र लागणार का, हे आधी ठरवावे.

बारीक अक्षरातील शर्ती

भाडेकरूचा खरा तोटा नुकसानीच्या कलमात असतो. अपघात झाला, तेल कमी पडले किंवा चालकाने मर्यादेपेक्षा जास्त फेरे काढले, तर भरपाई भाडेकरूच्या माथी येते. हल्लीच्या संगणकी इंजिनात कोणत्या क्षणी किती फेरे गेले याची नोंद राहते, त्यामुळे नाही म्हणता येत नाही. पण तीच नोंद भाडेकरूच्या बाजूनेही बोलते. आपली चूक नसताना इंजिन फुटले, तर तो पुरावा ठरतो. म्हणून ती नोंद आपल्यालाही मिळेल, अशी शर्त आधीच लिहून घ्यावी.

मिस्त्रीचे काय?

आमच्या मते या व्यवस्थेची सर्वांत मोठी किंमत भाड्याच्या बिलात दिसतच नाही. सीलबंद इंजिन गावातल्या मिस्त्रीने उघडायचे नसते. ज्याने वर्षानुवर्षे पिस्टन बसवले, व्हॉल्व्ह घासले आणि नुसत्या आवाजावरून दोष ओळखला, त्याच्या हातचे काम ठरावीक कारखान्याकडे जाते. संघमालकाचा खर्च आटोक्यात येतो हे खरे, पण कारागिराची रोजी आटते. सर्व मालकांना एकाच दारी जावे लागले, की भाडे ठरवण्याची चावीही त्याच दाराला राहते.

भाड्याचे यंत्र वाईट नाही. कमी भांडवलवाल्याला ते मैदानात उभे करते. मात्र हंगाम संपल्यावर हातात पावत्या उरतात, यंत्र उरत नाही. म्हणून सही करण्यापूर्वी तीन गोष्टी कागदावर मांडाव्यात : वर्षाचे काम किती, बिघाडाचा भार कुणावर आणि दुरुस्तीचा हक्क कुणाचा. ज्या करारात तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर नाही, तो पुन्हा एकदा वाचावा.