वयस्क पॉइंट गार्डला निरोप केव्हा द्यावा : गैरसमज आणि वस्तुस्थिती

बास्केटबॉलच्या संघात पॉइंट गार्ड हा चेंडू पुढे नेणारा, सहकाऱ्यांना योग्य जागी आणणारा आणि कोणती चाल केव्हा खेळायची हे मैदानावरच ठरवणारा खेळाडू असतो. उरलेल्या चौघांचा खेळ हळूहळू त्याच्याच सवयींभोवती बेतला जातो, त्यामुळे तो पस्तिशीकडे झुकू लागला की त्याला ठेवावे की निरोप द्यावा हा प्रश्न कोणत्याही इतर जागेपेक्षा अधिक अवघड होतो. एनबीए या अमेरिकेतील व्यावसायिक लीगमध्ये या प्रश्नाविषयी ज्या समजुती रुजल्या आहेत, त्यांपैकी बहुतेकींच्या मुळाशी एकच चूक आढळते, ती म्हणजे निर्णयासाठी खेळाडूची जन्मतारीख पाहिली जाते; त्याचे कौशल्य कशावर उभे आहे, त्याच्या कराराचे स्वरूप काय आहे आणि संघ कोणत्या टप्प्यावर आहे यांचा विचार मात्र मागे पडतो.

तिशी ओलांडल्यावर पॉइंट गार्डची उतरण अटळ असते, ही यांतली सर्वांत प्रचलित समजूत आहे. जॉन स्टॉक्टन युटा जॅझकडून १९ हंगाम खेळले, त्या सर्व काळात त्यांचे केवळ २२ सामने चुकले, आणि २००२-०३ च्या अखेरच्या हंगामात, वयाच्या चाळिशीत, ते सर्व ८२ सामने खेळून प्रत्येक सामन्यात सरासरी ७.७ असिस्ट, म्हणजे थेट गुणात रूपांतरित होणारे पास, देत होते. क्रिस पॉल यांनी २०२४-२५ मध्ये, एकोणचाळिसाव्या वर्षी, सॅन अँटोनियो स्पर्सकडून ८२ च्या ८२ सामन्यांत सुरुवातीच्या पाच जणांत स्थान राखले. याच्या नेमके उलट उदाहरण जॉन वॉल यांचे आहे. वॉशिंग्टन विझर्ड्सने २०१७ मध्ये त्यांच्याशी चार वर्षांचा, सुमारे १७ कोटी डॉलरचा वाढीव करार केला; परंतु तो लागू होण्यापूर्वीच, अवघ्या अठ्ठाविसाव्या वर्षी, त्यांच्या टाचेमागची अकिलीस कंडरा तुटली आणि कराराचे पहिले संपूर्ण वर्ष त्यांना मैदानाबाहेर काढावे लागले. वॉल यांचा खेळ पहिल्या पावलाच्या वेगावर उभा होता, तर स्टॉक्टन आणि पॉल यांचा खेळ नजर, अंतराचा अंदाज आणि मध्यम पल्ल्याची नेमबाजी यांवर. शरीराचा वेग आधी जातो आणि खेळ वाचण्याची क्षमता बराच काळ टिकते, म्हणून दोन समवयस्क खेळाडूंसाठी एकच वयोमर्यादा लावणे चुकीचे ठरते.

मात्र यातूनच दुसरा, अधिक फसवा गैरसमज जन्म घेतो : असिस्टचे आकडे शाबूत आहेत, तोवर खेळाडूही शाबूत आहे. स्टीव्ह नॅश यांनी २०१०-११ मध्ये, फीनिक्स सन्सकडून खेळताना, ११.४ असिस्टच्या सरासरीने संपूर्ण लीगमध्ये पहिला क्रमांक मिळवला, आणि पुढल्या हंगामात, अडतिसाव्या वाढदिवसाच्या आगेमागे, १०.७ ची सरासरी राखली. तरीही या दोन्ही हंगामांत सन्स प्लेऑफपर्यंत, म्हणजे साखळी सामन्यांनंतरच्या बाद फेऱ्यांपर्यंत, पोहोचले नाहीत. एक तर २०१० मध्येच अमारे स्टुडमायर न्यूयॉर्कला गेल्यामुळे नॅश यांच्या पासवर गुण करणारा मुख्य खेळाडू संघाला उरला नव्हता. शिवाय असिस्टच्या रकान्यात बचाव दिसत नाही. प्रतिस्पर्धी संघ पिक अँड रोल, म्हणजे चेंडूवाल्या खेळाडूसाठी सहकाऱ्याने आडवे उभे राहून वाट मोकळी करण्याची चाल, वारंवार वापरून मंदावलेल्या गार्डलाच बचावात ओढतात. आणि प्लेऑफमध्ये एकाच प्रतिस्पर्ध्याशी सातपर्यंत सामने होत असल्याने ही उणीव तेथे लपवता येत नाही. म्हणूनच वयस्क पॉइंट गार्डचे मोल ठरवताना त्याने किती पास दिले यापेक्षा तो बचावात कोणाला अडवू शकतो हे आधी तपासले पाहिजे.

तिसरी समजूत आर्थिक आहे : त्याला जाऊ दिले की त्याच्या पगाराइतक्या रकमेत दुसरा खेळाडू आणता येतो. एनबीएमध्ये संघाच्या एकूण पगारावर सॅलरी कॅप ही मर्यादा असते, परंतु ती लवचिक आहे. लॅरी बर्ड यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सवलतीमुळे स्वतःच्या जुन्या खेळाडूशी मर्यादा ओलांडूनही पुन्हा करार करता येतो, बाहेरच्या खेळाडूला मात्र ही सवलत लागू होत नाही. त्यामुळे आधीच मर्यादेपलीकडे असलेल्या संघाने आपला गार्ड मोकळा सोडला, तर हाती रक्कम येत नाही, नुसती रिकामी जागा येते.

केवळ वयाचा हिशेब कसा फसतो, हे एकाच संघाच्या दोन निर्णयांतून दिसते. २००४ मध्ये डॅलस मॅव्हरिक्सने तीस वर्षांच्या नॅश यांना सन्सएवढा मोठा करार देऊ केला नाही आणि ते फीनिक्सला गेले. त्यानंतरच्या दोन्ही हंगामांत त्यांना लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरवले गेले आणि सन्सचे विजय एका वर्षात २९ वरून ६२ वर गेले. तेवढ्यावरून डॅलसचा निर्णय आत्मघातकी होता असा निष्कर्ष काढला जातो; वस्तुतः डॅलसचे विजयही ५२ वरून ५८ वर गेले, कारण डर्क नोविट्झ्की ऐन सव्विशीत होते आणि हाती असलेल्या इतर करारांच्या बदल्यात अटलांटाकडून जेसन टेरी मिळवता आले. खेळाडूविषयीचा अंदाज चुकला, तरी संघाची बांधणी भक्कम असल्याने नुकसान झिरपले नाही. याच डॅलसने फेब्रुवारी २००८ मध्ये तरुण डेव्हिन हॅरिस आणि पहिल्या फेरीचे दोन ड्राफ्ट हक्क, म्हणजे नवोदितांच्या निवडीतले क्रमांक, यांच्यासह अनेक खेळाडू देऊन चौतिशीतल्या जेसन किड यांना आणले, आणि हा सौदा वेडेपणाचा आहे अशी टीका तेव्हा झाली. किड यांनी आपला खेळच बदलला. पूर्वी कच्ची मानली जाणारी तीन गुणांची नेमबाजी पक्की केली, आणि वेग गेल्यावर धिप्पाड देहाच्या बळावर ते स्वतःपेक्षा उंच खेळाडूंना अडवू लागले. २०११ मध्ये डॅलसने विजेतेपद मिळवले तेव्हा किड अडतीस वर्षांचे होते. नॅश यांच्या बाबतीत डॅलसने वय मोजले, किड यांच्या बाबतीत उपयोग मोजला, आणि दुसरा हिशेब अधिक खरा ठरला.

उतरण उघड दिसेपर्यंत थांबणे म्हणजे निष्ठा, हाही असाच गैरसमज आहे. सिअ‍ॅटल सुपरसॉनिक्सने फेब्रुवारी २००३ मध्ये, कराराच्या शेवटच्या वर्षात असलेल्या चौतीस वर्षांच्या गॅरी पेटन यांना, ते सामन्यामागे सुमारे २० गुण करत असतानाच, मिलवॉकीला दिले आणि त्या सौद्यात सत्तावीस वर्षांचे रे ॲलन मिळवले. २००४-०५ मध्ये सिअ‍ॅटलने ५२ सामने जिंकले. हा निर्णय शहरातील चाहत्यांना जिव्हारी लागणारा होता, पण संघ जिंकत नव्हता आणि उन्हाळ्यात पेटन मोबदल्याविना जाऊ शकले असते. उलट लॉस एंजेलिस लेकर्सने २०१२ मध्ये अडतीस वर्षांच्या नॅश यांच्यासाठी पहिल्या फेरीचे दोन हक्क दिले. नव्या संघाच्या दुसऱ्याच सामन्यात त्यांच्या पायाचे हाड मोडले आणि तीन वर्षांच्या करारात ते एकूण ६५ सामने खेळू शकले.

वारसदार तयार झाला की प्रश्न सुटतो, ही समजूतही अर्धीच खरी आहे. जानेवारी २०१८ मध्ये स्पर्सचे प्रशिक्षक ग्रेग पोपोविच यांनी पस्तीस वर्षांच्या टोनी पार्कर यांच्या जागी एकवीस वर्षांच्या डिजाँटे मरी यांना सुरुवातीच्या पाचांत घेतले, पार्कर यांनी तो बदल खुल्या मनाने स्वीकारला, आणि उन्हाळ्यात ते शार्लटला गेले. त्यानंतर हंगाम सुरू होण्याआधीच्या सराव सामन्यात मरी यांच्या गुडघ्याचा अस्थिबंध तुटला व त्यांचे संपूर्ण वर्ष गेले. तरीही डेरिक व्हाइट आणि ब्रिन फोर्ब्स यांच्यावर भार टाकून स्पर्सने त्या हंगामात ४८ सामने जिंकले आणि प्लेऑफमध्ये प्रवेश केला.