दुर्मीळ कर्करोग आणि औषधाची चाचणी

२०१८ साली अभिनेते इरफान खान यांनी आपला आजार जाहीर केला, तेव्हा न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर हे नाव आपल्यापैकी अनेकांनी प्रथमच ऐकले. संप्रेरके स्रवणाऱ्या पेशींचा हा कर्करोग. रुग्ण विरळ, म्हणून एकट्या इस्पितळाला चाचणीपुरते रुग्ण मिळत नाहीत. आतड्यातील अशा गाठींवर ल्युटेशियम या किरणोत्सारी औषधाची चाचणी झाली, तेव्हा आठ देशांतील ४१ केंद्रे मिळून २२९ रुग्ण जमले. निष्कर्ष २०१७ साली आले. वीस महिन्यांनी आजार न बळावलेल्यांचे प्रमाण नव्या औषधाच्या गटात सुमारे ६५ टक्के, तर दुसऱ्या गटात ११ टक्के होते. दुसऱ्या गटालाही उपचाराविना ठेवले नव्हते. जुने औषध वाढीव मात्रेत दिले होते.

चाचणी म्हणजे माणसाचा उंदीर करणे, ही भीती आम्ही वस्तीत नेहमी ऐकतो. कर्करोगावरील चाचण्या आपल्या पनवेल तालुक्यातही, खारघरच्या टाटा स्मारक केंद्राच्या ‘ॲक्ट्रेक’मध्ये चालतात. संमतीपत्र रुग्णाला समजेल अशा भाषेतच हवे. बँकेत न वाचता सही करणारे आम्ही रोज पाहतो. येथे घाई नको. सही केल्यावरही केव्हाही बाहेर पडता येते. चाचणीची सार्वजनिक नोंद २००९ पासून सक्तीची आहे. तो क्रमांक डॉक्टरांकडे जरूर मागावा.