प्रूदाँचा विरोध नेमका कशाला होता?

पियेर-जोसेफ प्रूदाँ या फ्रेंच अराजकतावादी विचारवंताने मालमत्तेला चोरी ठरवले, एवढेच बहुतेकांना ठाऊक असते. त्यावरून कोणाचे घर, शेत किंवा अवजारे त्याच्याकडे राहूच नयेत असे त्याचे मत होते, असा समज पसरला आहे. तो चुकीचा आहे. ‘मालमत्ता म्हणजे काय?’ या १८४० सालच्या पुस्तकात प्रूदाँ मालकी आणि वहिवाट यांत काटेकोर फरक करतो. जो जमीन कसतो, घरात राहतो किंवा अवजार चालवतो, त्याचा त्या वस्तूवरचा हक्क त्याला मान्य आहे. त्याचा आक्षेप आहे तो स्वतः न कसता खंड, न राहता भाडे आणि न राबता व्याज वसूल करण्याच्या अधिकाराला. १८०९ मध्ये बेझाँसों येथे गरीब घरात जन्मलेला आणि छापखान्यात खिळे जुळवून पोट भरलेला हा माणूस कष्टकऱ्याच्या हातची वस्तू काढून घ्यायला निघाला नव्हता. ती त्याच्याच हाती राहावी, यासाठी तो भांडत होता.

पण मालक ठरलेली मजुरी चुकती करतो, मग चोरी कसली? हा प्रश्न प्रूदाँने टाळलेला नाही. पॅरिसमध्ये १८३६ साली इजिप्तमधून आणलेला लक्झॉरचा प्रचंड स्तंभ उभारला गेला. त्याचा दाखला देऊन तो विचारतो की, दोनशे सैनिकांनी काही तासांत केलेले हे काम एकट्या माणसाला दोनशे दिवसांत तरी जमले असते का? दोनशे जणांची एका दिवसाची आणि एका माणसाची दोनशे दिवसांची मजुरी हिशेबात सारखीच भरते. स्तंभ मात्र सर्वांनी एकदम लावलेल्या जोरामुळेच उभा राहतो. मालक प्रत्येकाला त्याच्या दिवसाचे पैसे देतो, पण या सामूहिक शक्तीचे मोल कोणालाच देत नाही. चोरीच्या आरोपामागचा हा त्याचा सर्वांत भक्कम युक्तिवाद आहे.

म्हणून तो साम्यवादी होता, असेही मानले जाते. वस्तुस्थिती उलट आहे. सगळी मालकी समूहाच्या नावे केली तर माणूस समूहाचा बांधील होतो, असे त्याने त्याच पुस्तकात बजावले होते. मार्क्सनेही १८४७ मध्ये त्याच्यावर टीका करणारा स्वतंत्र ग्रंथ लिहिला. प्रूदाँच्या मृत्यूनंतर १८६६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लेखनात तर विखुरलेली खासगी मालमत्ता हा राज्यसत्तेवरचा अंकुश मानला आहे. यात त्याने घूमजाव केले, असे काहींना वाटते. पण सत्ता एकवटू नये, मग ती जमीनदाराची असो वा सरकारची, हे सूत्र दोन्हीकडे कायम आहे.

राज्यसत्ता नको म्हणजे गोंधळ हवा, हा तिसरा गैरसमज. प्रूदाँला नियम हवे होते. मात्र ते वरून लादलेले नकोत, एकमेकांशी केलेल्या करारांतून आलेले हवेत, आणि गावांपासून प्रांतांपर्यंतचे संघ खालून बांधले जावेत, हे त्याने १८६३ च्या संघतत्त्वावरील ग्रंथात मांडले. १८४९ मध्ये त्याने नाममात्र व्याजाने कर्ज देणारी लोकबँक स्थापली. पण राष्ट्राध्यक्ष लुई-नेपोलियनवरील टीकेबद्दल त्याला तीन वर्षांची शिक्षा झाली आणि बँक कामकाज सुरू होण्याआधीच गुंडाळावी लागली. त्यामुळे ही योजना चालली असती की नाही, हे सिद्ध झालेले नाही. शिवाय स्त्रिया आणि ज्यू यांच्याविषयीची त्याची मते निषेधार्हच आहेत. स्वातंत्र्याचा आग्रह धरणाऱ्याला ती शोभत नाहीत. तरीही एकत्र राबणाऱ्यांच्या जोरातून जे निर्माण होते त्यावर हक्क कोणाचा, हा त्याचा प्रश्न खोटा ठरत नाही. प्रूदाँशी वाद घालायचा असेल, तर तो या प्रश्नावर घालायला हवा.