मेझुझाची अक्षरशुद्धी

तळेगाव ढमढेऱ्याहून पुण्यास जाणाऱ्या अनेकांना कॅम्पातील, 1867 साली पूर्ण झालेले लाल देऊळ हे ज्यू प्रार्थनास्थळ परिचित असते. परंतु मराठी हीच मातृभाषा मानणाऱ्या बेने इस्राएल ज्यू कुटुंबांच्या दारी, प्रवेश करणाऱ्याच्या उजव्या हातास, चौकटीवर छोट्या डबीत बसविलेल्या मेझुझा या धर्मलेखाचे पावित्र्य डबीत नसून आतील मजकुरात असते, हे फार थोड्यांस ठाऊक आहे. धर्मसंमत पशूच्या चर्मपत्रावर 'सोफेर' म्हणविल्या जाणाऱ्या प्रशिक्षित लेखकाने बायबलमधील 'अनुवाद' ग्रंथातील दोन उतारे, 22 ओळींत व 713 अक्षरांत, स्वहस्ते लिहावे लागतात. छापील प्रत, कितीही सुबक असली, तरी बाद. दोन अक्षरे परस्परांस भिडली किंवा एखादे गळाले, तरी लेख रद्दबातल ठरतो. आणि मला सर्वांत विलक्षण वाटणारा दंडक असा, की अक्षरे क्रमानेच लिहावयाची असल्यामुळे गळालेले अक्षर मागाहून भरण्याची मुभाच नाही, तर ईश्वरनाम खोडणे सर्वथा निषिद्ध.

घरातील मेझुझा सात वर्षांत दोनदा तपासण्याचा शिरस्ता आहे. दमट हवेत ओल शिरते, शाई तडकते, म्हणून मुंबई-कोकणात ही मुदत संपण्याची वाट न पाहता जाणकारास चर्मपत्र दाखवावे.