गल्फमधून कायमचं परतताना घरातल्या कासवाचं काय करायचं?

गल्फमधला पंधरा-वीस वर्षांचा संसार आवरून गावी परतायचं ठरलं की कामांची यादी लांबलचक असते. व्हिसा कॅन्सल करणं, मुलांचे शाळेचे दाखले, बँक, कार्गो, घराचं डिपॉझिट. या यादीत एक गोष्ट बहुतेक वेळा शेवटच्या आठवड्यात आठवते: मुलांनी हौसेनं पाळलेलं कासव, इग्वाना किंवा छोटा अजगर. "बॅगेत एका डब्यात ठेवू, कोण बघतंय," असं सांगणारे मित्र तेव्हा नेमके भेटतात. त्यांचं ऐकू नका. हा मामला दिसतो तेवढा साधा नाही, आणि नियम आधी माहीत असले तर पुढचा मोठा त्रास वाचतो.

कुत्र्या-मांजराची सवलत इथे लागू नाही

दोन वर्षं सलग परदेशात राहून कायमचे भारतात परतणाऱ्याला सोबत दोन पाळीव प्राणी आणता येतात, हे अनेकांनी ऐकलेलं असतं. ते खरं आहे, पण ही सवलत फक्त कुत्रा आणि मांजर यांच्यासाठी आहे. सरपटणारे प्राणी त्यात बसत नाहीत. भारताच्या आयात धोरणात जिवंत सरपटणारे प्राणी 'प्रतिबंधित' गटात येतात. म्हणजे डीजीएफटीचा, अर्थात विदेश व्यापार महासंचालनालयाचा परवाना घेतल्याशिवाय ते आणता येत नाहीत. कासव कितीही लहान असलं आणि तुमच्याकडे कितीही वर्षं असलं तरी कायद्याच्या नजरेत ते घरसामान नाही.

सायटीस म्हणजे काय?

वन्य प्राणी आणि वनस्पती यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणारा एक करार १९७३ साली वॉशिंग्टनमध्ये झाला आणि १९७५ पासून तो लागू आहे. त्याचं इंग्रजी आद्याक्षरांचं नाव सायटीस. भारत १९७६ पासून त्यात आहे, आणि संयुक्त अरब अमिरातीसह आखाती देशही आहेत. 'व्यापार' या शब्दानं फसू नका. विक्री नसली, आपलाच प्राणी आपण घरी नेत असलो, तरी सीमा ओलांडली की करार लागू होतो.

या करारात प्राण्यांची तीन परिशिष्टं आहेत. पहिल्यात सर्वाधिक धोक्यात असलेले प्राणी येतात, त्यांना नेणं-आणणं जवळपास बंद आहे. दुसऱ्यातल्या प्राण्यांना निर्यात परवाना लागतो. पाळले जाणारे बरेच सरपटणारे प्राणी इथे सापडतात: बॉल पायथन, हिरवा इग्वाना, सल्काटा नावाचं मोठं आफ्रिकन कासव. आखाती वाळवंटातली धबसुद्धा याच परिशिष्टात आहे. तिसऱ्या परिशिष्टात एखाद्या देशाने आपल्या हद्दीपुरते नोंदवलेले प्राणी असतात.

अमिरातीत ससाण्यांना वेगळा पासपोर्ट मिळतो हे तिथे राहिलेल्यांना ठाऊक असेल. त्यामागेही हाच करार आहे. कासवासाठी मात्र अशी सोपी पुस्तिका नाही. तिथल्या हवामान बदल व पर्यावरण मंत्रालयाकडे रीतसर अर्ज करावा लागतो, आणि प्राणी कायदेशीर मार्गाने घेतला होता हे दाखवावं लागतं. दुकानाची पावती आणि मूळ कागद नसतील तर गाडी इथेच अडते.

तीन दरवाजे

पाळीव सरपटणाऱ्या प्राण्याला तीन दरवाजे पार करावे लागतात. पहिला, ज्या देशातून निघायचं त्याचा निर्यात परवाना आणि पशुवैद्यकाचं आरोग्य प्रमाणपत्र. दुसरा, विमान कंपनी. बहुतेक कंपन्या साप, सरडे, कासवं केबिनमध्ये घेत नाहीत. घेतलीच तर जिवंत प्राण्यांचा कार्गो म्हणून, आयाटाच्या नियमांप्रमाणे बनवलेल्या पेटीत. तिसरा दरवाजा उतरण्याच्या देशाचा, आणि तोच सर्वात जड. एक उघडला म्हणून बाकीचे उघडतीलच असं नाही.

भारतात उतरायचं असेल तर डीजीएफटीच्या अर्जाला ज्या राज्यात राहणार तिथल्या मुख्य वन्यजीव रक्षकांचं ना-हरकत पत्र जोडावं लागतं. क्वारंटाइनची सोय असलेल्या मोजक्या शहरांतूनच जिवंत प्राणी आत येतात. मुंबई त्यात आहे. प्राणी सायटीसच्या यादीतला असेल तर २०२४ च्या नियमांप्रमाणे 'परिवेश' पोर्टलवर तीस दिवसांत त्याची नोंदणीही करावी लागते. हे सगळं एका घरगुती प्राण्यासाठी पूर्ण होणं अशक्य नाही, पण फार अवघड आहे. म्हणून अपेक्षा आधीच मर्यादित ठेवलेली बरी.

स्टार कासव असेल तर विषयच संपला

पाठीवर पिवळ्या चांदण्यांची नक्षी असलेलं स्टार कासव दिसायला देखणं असतं. ते मूळचं भारत, पाकिस्तान आणि श्रीलंकेतलं. अनेक वर्षं त्याची चोरटी निर्यात होत राहिली, म्हणून २०१९ साली जिनिव्हाच्या परिषदेत त्याला पहिल्या परिशिष्टात टाकलं गेलं. भारतात वन्यजीव संरक्षण कायद्याने ते घरात पाळता येत नाही. परदेशात पैसे मोजून घेतलं असलं तरी इथे आणून ठेवता येणार नाही. 'आपल्याच मातीतलं आहे' हा युक्तिवाद कस्टममध्ये चालत नाही.

लपवून आणलं तर?

वन्यजीव कायद्याच्या उल्लंघनाला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. अनुसूची एकमधला प्राणी असेल तर किमान तीन आणि कमाल सात वर्षं. कस्टम कायद्याखालची कारवाई वेगळी. २०२५ मध्ये मुंबई विमानतळावर थायलंडहून आलेल्या एका प्रवाशाच्या सामानात डझनावारी विषारी साप सापडले. अशा घटनांनंतर बॅगांकडे बारीक लक्ष असतं, आणि तस्कर कोण, मुलाच्या हट्टापायी कासव आणणारा बाप कोण, हे एक्स-रे मशीनला कळत नाही. शिवाय घट्ट बंद बॅगेत त्या मुक्या जनावराचा जीवही जाऊ शकतो.

गल्फमधून पुढे दुसऱ्या देशात जाणाऱ्यांसाठी

प्रत्येक देशाचं गणित वेगळं. अमेरिकेने सल्काटा कासवाच्या आयातीवर २००० सालापासून बंदी घातली आहे. कारण त्याच्या अंगावरच्या गोचिडीतून गुरांना मारणारा रोग पसरू शकतो. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये सरपटणारा प्राणी पाळीव म्हणून नेता येत नाही. सिंगापूरमध्येही मोजक्याच जातींची कासवं पाळण्याची मुभा आहे. तेव्हा दुबईत चाललं ते पुढे चालेल, असं धरून तिकीट काढू नका.

परवानगी मिळालीच तर

या प्राण्यांचं रक्त बाहेरच्या हवेप्रमाणे थंड-गरम होतं. एसीत गारठून किंवा धावपट्टीवरच्या उन्हात तापून ते मरू शकतात, म्हणून अति उन्हाळा आणि अति थंडीचे दिवस टाळा. सापाला प्रवासाच्या आधी काही दिवस खायला देत नाहीत, कारण पोट भरलेलं असलं तर तो उलटी करतो. कोणाला किती दिवस उपाशी ठेवायचं ते सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेल्या डॉक्टरलाच विचारा. आणि प्राणी हाताळल्यावर साबणाने हात धुवायची सवय मुलांना लावा. कासवाच्या अंगावर साल्मोनेलाचे जंतू असू शकतात.

नेता येत नसेल तर

बहुतेक कुटुंबांना शेवटी इथेच यावं लागेल. मग त्याच्यासाठी तिथेच चांगलं घर शोधणं हीच खरी जबाबदारी. ओळखीतलं कुटुंब, परवानाधारक संस्था किंवा पशुवैद्यक यांच्याकडे चौकशी करा. जो घेणार त्याला खरं चित्र सांगा: हातात मावणारा सल्काटा मोठा होऊन चाळीस किलोच्या वर जातो आणि अनेक दशकं जगतो. मूळ कागद त्याच्या हाती द्या, म्हणजे पुढे त्याची अडचण होणार नाही.

एक गोष्ट मात्र करू नका. वाळवंटात, खाडीत किंवा बागेतल्या तळ्यात त्याला सोडून येऊ नका. घरात वाढलेल्या प्राण्याला बाहेर अन्न शोधता येईलच असं नाही, आणि जगलाच तर तो तिथल्या मूळ जीवांच्या मुळावर येतो. लाल कानाचं स्लायडर कासव असंच लोकांनी सोडून-सोडून अनेक देशांत पसरलं. शेवटी २०१६ मध्ये युरोपीय संघाला ते घातक परदेशी जातींच्या यादीत टाकावं लागलं.

परतायचा विचार पक्का झाला की निदान सहा महिने आधी ही चौकशी सुरू करा. प्राण्याची नेमकी जात कोणती, कागद कोणते आहेत आणि तो कुठल्या परिशिष्टात आहे, एवढं आधी शोधलं तरी निम्मा प्रश्न सुटतो. मुलांनाही लवकर सांगा. विमानतळावर कासव हिसकावून घेतलं जाताना पाहण्यापेक्षा, चार महिने आधी आपल्या हातांनी त्याला नव्या घरी सोडून येणं त्यांना सोपं जाईल.