पंडिता रमाबाई आणि चर्चची आज्ञा

ता. २९ सप्टेंबर १८८३ रोजीं इंग्लंडांत वाँटेज येथें पंडिता रमाबाई व त्यांची लहानगी मनोरमा यांचा बाप्तिस्मा झाला. मठांतील सिस्टर जेराल्डीन प्रेमळ खऱ्या, परंतु शिष्येनें आज्ञा पाळलीच पाहिजे अशा मताच्या. रमाबाईंनीं पुरुषांस शिकवावें, हें मुंबई व लाहोर येथील बिशपांस रुचलें नाहीं. क्रूसावर लॅटिन नको, संस्कृत हवें, असें बाईंनींही सुनावलें. लॅटिन ना त्यांना समजे, ना त्यांच्या देशभगिनींना.

वादाचें मूळ याहून खोल होतें. धर्माधिकाऱ्याची आज्ञा तीच ईश्वराची आज्ञा काय? १९७७ सालीं प्रसिद्ध झालेल्या पत्रव्यवहारांत बाईंचें उत्तर सांपडतें. भटभिक्षुकांचें जूं फेंकून पाद्र्यांचें जूं मानेवर घ्यावयाचें नाहीं. बाप्तिस्मा झाला तो ख्रिस्ताच्या सार्वत्रिक मंडळींत, एका पंथांत नव्हे. तेव्हां बायबल स्वतः वाचून सदसद्विवेकबुद्धीला पटेल तेंच मानावयाचें. त्रैक्याचा सिद्धान्त त्यांना पटेना. मनोरमेच्या धर्मशिक्षणावरूनही खटके उडाले. मठाच्या आश्रयास राहून असें लिहिणें सोपें नव्हे! जेराल्डीनबाईंना यांत गर्व दिसला. आज्ञाभंगास गर्व म्हणणें ही सत्तेची जुनीच रीत.

१८८६ सालीं त्या अमेरिकेस गेल्या. ११ मार्च १८८९ रोजीं मुंबईंत शारदासदन निघालें. पुढें केडगांवीं, मूळ हिब्रू व ग्रीक भाषा शिकून, त्यांनीं बायबलाचें मराठी भाषांतर केलें, आणि तें साध्या बायकांना कळेल अशा मराठींत.